शेवाळाला लोखंड कसं चारलं

शेवाळाला लोखंड लागतं हे मला लग्न झाल्यावर कळलं. माहेरी, जसोंडीला, आमच्या विहिरीच्या पायऱ्यांवर भरपूर शेवाळ होतं. घरातल्या प्रत्येकाने त्यावरून घसरून एकदा तरी कंबर शेकून घेतली होती. पण ते बिचारं काय खातं, कसं जगतं, हे कोणी विचारलं नव्हतं. आम्ही त्याला शिव्या द्यायचो आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवायचो.

सासर बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातलं. माझे यजमान तिथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. तसं मी कोणाचंच लिहिणार नाही, पण त्यांचं तर नाहीच, कारण मी ते कधी उच्चारलं नाही आणि या वयात सवय मोडायची नाही. एवढंच सांगते की नाव देवाचं आहे, दोन अक्षरी आहे, आणि हिंदीत कोवळ्या मिरचीचा जो रंग सांगतात तोच शब्द आहे. जिथे तो शब्द येईल तिथे मी रेघ ओढीन. वाचणाऱ्याने समजून घ्यावं. वाचणारी बहुतेक मीच आहे, त्यामुळे अडचण नाही.

सासूबाई या बाबतीत फार कडक होत्या. अर्धं नाव घेतलं तरी नावच झालं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या दोन अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द माझ्यासाठी बंद होते. डाळ ज्याची करतात त्या धान्याला मी चणेच म्हणायची. जंगलात उड्या मारणाऱ्या शिंगवाल्या जनावराला मी ‘ते चित्रातलं’ म्हणायची. भाद्रपदात सगळ्या बायका जो उपास करतात तो मी ‘वाळूच्या महादेवाचा’ म्हणून करायची. आणि आमच्या घरात किल्ली, चमचा, सुई, काही झालं तरी नुसतं ‘दिसेनासं’ व्हायचं. ‘हिरवं’ मात्र चालायचं. तो ‘हि’ वेगळा आहे, असा सासूबाईंनी निकाल दिला होता. नाहीतर बांगड्या भरायला गेल्यावर माझी पंचाईत झाली असती.

तशी माझी पंचाईत नेहमीच व्हायची. मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, लिहिता येतं, बोलता येत नाही. म्हणजे घशात काही दोष नाही. परका माणूस समोर आला की शब्द मागच्या मागे पळून जातात. भाजीवाला घरी यायचा तेव्हा मी बोटं दाखवायची. त्याने बरेच दिवस मला मुकी समजून भाजी जरा जास्त घातली होती.

ती एकीकरणाची वर्षं होती. जुना प्रांत मोडला, नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडे हिंदीत राहिलो आणि निरनिराळे मुलूख जोडून नवा प्रदेश झाला. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, एकीकरण. मास्तरांचंही एकीकरण चाललं होतं. इकडचे मास्तर, तिकडचे मास्तर, सगळे एका परातीत टाकून मळायला घेतले होते, आणि जे पिठाबाहेर राहतील ते ‘जास्तीचे’. आमच्या शाळेत वरचे विज्ञानाचे वर्ग मंजूर झाले तर ह्यांची जागा पक्की. नाही झाले तर हे जास्तीचे, आणि जास्तीच्यांची बदली रीव्याकडे, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं.

“रेवा म्हंजे नर्मदामाईच ना?” सासूबाई म्हणाल्या. “मंग काय, जवळच हाये. सणाला येता येईल.”

ह्यांनी त्यांना समजावलं की हे रेवा नव्हे, रीवा आहे, आणि ते इतकं लांब आहे की सणाला निघालं तर पुढच्या सणाला पोचू. सासूबाईंनी ते मनावर घेतलं नाही. मी घेतलं. रीव्याला मराठी बोलणारं कोणी नाही. सासूबाई घर सोडून येणार नव्हत्या. म्हणजे दिवसभर मी एकटी आणि बाहेर सगळी हिंदी. मला हिंदी समजायची, बुऱ्हाणपुरात राहून कोणाला समजत नाही? पण मराठीतच ज्या बाईला तोंड उघडवत नाही तिने हिंदीत काय करायचं? तिथला भाजीवालाही इथल्यासारखा दयाळू निघेल याची काय खात्री? मी देवाला रोज एकच मागायची, की विज्ञान मंजूर होऊ दे.

वर्ग मंजूर करण्याआधी एक मोठे साहेब शाळा बघायला येणार होते. शाळेत विज्ञानाचं म्हणून एक चुंबक, एक फुटका भिंगाचा तुकडा आणि मानवी सांगाड्याचं चित्र होतं, तेही कमरेपर्यंतच. ह्यांनी ठरवलं की साहेबांना असा प्रयोग दाखवायचा जो गावात कोणी पाहिला नाही. झाडापानाला लोखंड लागतं, लोखंड मिळालं नाही तर ते पिवळं पडतं, हे शेवाळावर दाखवायचं. शेवाळ निवडलं कारण ते फुकट होतं.

इतवारा पेठेत बैलांना पाणी प्यायचा एक हौद होता. तिथून ह्यांनी तांब्याभर हिरवं पाणी आणलं. एक बैल ह्यांच्याकडे बघत राहिला होता म्हणे. मग बिस्किटवाल्याकडच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या आणल्या, धुऊन धुऊन चकचकीत केल्या, त्यात आमचं नेहमीचं भंडाऱ्याचं, म्हणजे गावच्या जुन्या भुयारी कालव्याचं, पाणी गाळून भरलं, शाळेतून आणलेल्या कसल्या कसल्या पुड्या घातल्या. त्यात लोखंड सोडून सगळं होतं. दोन्ही बरण्यांत शेवाळाचं थोडं थोडं पाणी सोडलं आणि बरण्या गच्चीवर उन्हात ठेवल्या.

शेवाळ आधी भराभर वाढलं आणि मग पिवळं पडायला लागलं. हे खूश झाले. एवढा खूश माणूस पिवळ्या रंगाकडे बघून झालेला मी हळदीतच पाहिला होता. आता एका बरणीत लोखंड घालायचं, की ती हिरवी होणार आणि दुसरी पिवळीच राहणार. ह्यांनी एका बरणीत मूठभर खिळे टाकले.

काही झालं नाही. खिळे गंजले, गंज तळाशी बसला, वर शेवाळ होतं तसंच पिवळं. ह्यांना वाटलं खिळे कमी पडले. मग घरातलं लोखंड गच्चीवर जायला लागलं. दाढीचं पातं गेलं. कडीचा मोडका कोयंडा गेला. शाळेच्या फाटकाजवळ सापडलेला घोड्याचा नाल गेला. एक दिवस पोळी उलटायला हात घातला तर उलथणं जागेवर नाही.

“पोरगा शाळेत मास्तर अन् घरी लोहार,” सासूबाई ओरडल्या. “उलथणं खातं का रे तुझं शेवाळ? आधी त्याला दात तरी फुटू दे!”

“आई, खात नाही हाच तर घोळ आहे,” हे म्हणाले. मग आम्हाला दोघींना बसवून त्यांनी समजावलं. आमच्या पाण्यात चुना फार. तांब्याला, घागरीला पांढरं कीट धरतं ते त्याचंच. असल्या पाण्यात लोखंड पडलं की त्याचा गंज होतो आणि गंज पाण्यात विरघळत नाही. शेवाळाला तोंड नसतं, ते अंगानेच पितं. विरघळलेलं असेल तेवढंच त्याला मिळणार. “म्हणजे ताट वाढलंय, पण घास उचलत नाही,” हे म्हणाले.

“मंग भरव की,” सासूबाई म्हणाल्या.

साहेब यायचा दिवस जवळ येत होता. ह्यांनी गंज कुटून पाहिला, पाणी ढवळून पाहिलं, खिळे उकळून पाहिले. जेवताना आमटीत बोट बुडवून पाटावर काही तरी आकडे काढायचे. मी रीव्याचा विचार करून पोळी लाटायची, त्यामुळे पोळ्याही वेड्यावाकड्या व्हायच्या.

सासूबाईंनी त्यांच्या परीने उपाय केला. त्यांच्या मते बरणीला दृष्ट लागली होती, कारण शेजारीपाजारी सगळे येऊन बघून गेले होते. त्यांनी लिंबू आणि मिरच्या सुईने दोऱ्यात ओवल्या आणि बरणीच्या तोंडावर आडवी काडी ठेवून त्यावर ते लटकवलं. खिळ्यांच्याच बरणीवर लटकवलं, कारण खिळा ठोकून भूत बांधतात, म्हणजे गडबड असणार ती त्याच बरणीत. ह्यांनी पाहिलं आणि पुन्हा गंज कुटायला बसले.

सुईने भोक पडलेलं लिंबू उन्हात बसलं. दोऱ्यावरून त्याचा रस थेंब थेंब बरणीत गळत राहिला. आणि ती बरणी हिरवी व्हायला लागली.

आधी सासूबाईंना दिसलं. त्या जिन्यातूनच ओरडल्या, “उतरली! उतरली व माय, दृष्ट उतरली!” हे धावत वर गेले. मी मागून गेले. खरंच, पिवळ्या पाण्यात हिरवी झाक आली होती आणि पुढे ती रोज वाढत गेली. हे एकदा बरणीकडे बघायचे, एकदा लिंबाकडे बघायचे, आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसत सुटले. लिंबाच्या आंबटाने गंज थोडा थोडा विरघळतो, आणि आंबट त्याला धरून ठेवतं, पुन्हा तळाशी बसू देत नाही. लोखंड पाण्यात फिरायला लागलं की शेवाळाच्या अंगाला लागणारच. “लिंबाने घास उचलून दिला!” हे म्हणाले.

“लिंबाने नाई, मी दिला,” सासूबाई म्हणाल्या.

पण मास्तर तो मास्तर. कदाचित नुसत्या लिंबानेच हिरवं झालं असेल, लोखंडाचा संबंध नसेल, अशी शंका त्यांना आली. म्हणून त्यांनी दुसऱ्या बरणीवरही लिंबू-मिरची लटकवली. स्वतःच्या हाताने. सासूबाईंना तो दिवस फार अभिमानाचा गेला; त्यांनी चारचौघींना बोलावून दाखवलं की माझा शिकलेला मुलगा आता लायनीवर आला. दुसरी बरणी पिवळीच राहिली. म्हणजे लोखंडही पाहिजे आणि लिंबूही पाहिजे. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट खिळ्यांनाच लागली होती, हे त्या आधीपासून सांगत होत्या.

आता माझी नात हेच सगळं मोठ्या कॉलेजात शिकते. तिला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती लोळून हसली आणि मग तिने मला आतली गंमत सांगितली. लोखंडाचा दुष्काळ पडला की शेवाळ गप्प बसत नाही. ते अंगाच्या सालीवर लोखंड आत घ्यायची दारं वाढवतं. त्या दारांची रीत मोठी विचित्र आहे. गंजातल्या लोखंडाला दाराशी आधी आपलं रूप बदलायला लावतात, तरच ते सुटतं. मग लगेच दुसरा एक दरवान त्याला परत पहिल्या रूपात आणतो आणि आत ढकलतो. आणि या दुसऱ्या दरवानाच्या अंगात तांबं लागतं. म्हणजे तांबं संपलं तर लोखंड दारात असून आत येत नाही. मी नातीला म्हटलं, हे तर तुझ्या पणजीचंच सोवळं झालं. दाराबाहेर चपला काढा, पाय धुवा, आत येऊन लाकडी खडावा घाला, आणि हे सगळं तांब्याच्या तपेल्यातल्या पाण्याने. नातीने सांगितलं की तोवर शेवाळ आपल्याच हिरव्या रंगाचं सामान थोडं मोडून त्यातलं लोखंड गरजेच्या जागी वापरतं, म्हणून ते पिवळं दिसतं. मला ते ऐकून बरं वाटलं. आमच्या त्या पिवळ्या बरणीला आम्ही मेलेली समजत होतो, आणि ती आपली काटकसर करत बसली होती.

असो. साहेब आले.

बरण्या शाळेत न्यायच्या तर हिंदकळणार, शिवाय शाळेच्या त्या खोलीत ऊन नाही. म्हणून शाळा बघून झाल्यावर मुख्याध्यापक साहेबांना घेऊन आमच्या घरी आले. साहेब उंच, बंद गळ्याच्या कोटातले, नव्या राजधानीकडचे, मराठीचं अक्षर न कळणारे. मुख्याध्यापक त्यांच्या मागे असे चालत होते की साहेब थांबले की ते आपटायचे. जिना चढून सगळे गच्चीवर आले. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी राहिले. सासूबाई गच्चीवर मुगवड्या घालत होत्या, त्यांना उठायला वेळच मिळाला नाही. त्यांनी पिठाच्या हाताने पदर ओढून घेतला.

साहेबांनी हिरव्या बरणीकडे बोट केलं आणि जो समोर होता त्याला विचारलं. समोर सासूबाई होत्या.

“यह काई है?”

आता हिंदीत शेवाळाला काई म्हणतात. आणि आमच्या बुऱ्हाणपुरात ‘काही नाही’ला ‘काई नाई’ म्हणतात. सासूबाईंना वाटलं, साहेब मराठीत विचारतायत, हे काय आहे. मोठ्या माणसाने काही विचारलं की आधी नाही म्हणावं, हा त्यांचा जन्माचा नियम.

“काई नाई, साहेब,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “काई नाई, काई नाई!”

साहेबांच्या भुवया वर गेल्या. “काई नहीं है? तो फिर क्या है?”

“पाणी हाये, पाणी.”

“साहब, वह दरअसल—” हे पुढे झाले.

“आप नहीं, मास्टरजी. आप चुप रहिए.” साहेब बरणीभोवती एक फेरी मारून आले. घरातली म्हातारी सांगते काई नाही, आणि पाणी तर हिरवंगार. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, “इस शहर में रंगरेज़ कितने होंगे?”

मुख्याध्यापकांना वाटलं साहेब गावच्या कापड रंगवण्याची कीर्ती विचारतायत. त्यांचा चेहरा फुलला. “बहुत, साहब! गली-गली में! जो रंग कहिए, शाम तक मिल जाएगा!”

ह्यांनी डोळे मिटले. मला दाराआड समजलं काय झालंय ते. साहेबांना वाटत होतं की पाण्यात कापड रंगवायचा रंग घोळलाय. माझ्या ट्रेमधले कप वाजायला लागले, आणि साहेबांनी मान वळवली.

“आप मास्टरजी की घरवाली हैं? आइए बहनजी, इधर आइए. डरिए मत. बस सच बताइए. ये दोनों पहले कैसी थीं?”

मी आले. ट्रे कोणी तरी हातातून घेतला. माझ्या पायाखाली एक मुगवडी चिरडली ते आजही आठवतं.

“पीली,” मी म्हटलं.

“दोनों?”

“दोनों.”

“फिर?”

इथे मी अडकले. हिंदीतला पुढचा शब्द म्हणजे माझे यजमान. ते समोरच उभे होते. सासूबाई खाली बसलेल्या होत्या. मी वाट काढली.

“फिर... हिरवी झाली.”

“हिरवी डाली?” साहेब म्हणाले. “यह हिरवी क्या चीज़ है? किसने डाली?”

“किसीने नहीं. अपने आप.”

“अपने आप हिरवी डाली?” साहेब जरा वाकले. “यह हिरवी, कोई रंग है?”

काय सांगू? रंगच तर आहे. मी खोटं कसं बोलू?

“हाँ,” मी म्हटलं. “रंग है.”

हे भिंतीला टेकले. मुख्याध्यापकांनी दोन पावलं मागे घेतली, म्हणजे घराशी आपला संबंध नाही असं दिसावं. मला रीवा दिसायला लागलं. धुळीचा रस्ता, अनोळखी भाजीवाला, आणि त्याच्यासमोर पिशवी धरून मी.

“नहीं, नहीं,” मी म्हटलं. एका दिवसात एवढी हिंदी मी कधी बोलले नव्हते. “वह रंग नहीं. ऐसा रंग. पत्ते जैसा. तोते जैसा.”

“तोता?”

“मिरची जैसा. कच्ची मिरची.”

साहेबांनी लटकलेल्या मिरच्यांकडे पाहिलं. “यानी ——? पीली से —— हो गई?”

मी जोरजोरात मान हलवली.

“तो मुँह से बोलिए न. सच बात बोलने में क्या डर है? गर्दन हिलाने से गवाही नहीं होती. बोलिए, पीली थी, —— हो गई.”

मी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. ह्यांचंही तोंड माझ्याबरोबर उघडत मिटत होतं. गच्चीवर आम्ही दोन मासे, आणि साहेब कोळी. साहेबांचा चेहरा बदलत चालला. त्यांना वाटलं, बाई शिकवलेली आहे, खोटं बोलायला सांगितलंय आणि तिच्या जिभेवर येत नाहीये. ते मुख्याध्यापकांकडे वळून ‘चलिए’ म्हणणार, हे मला कळलं.

तेवढ्यात वड्यांच्या मधून आवाज आला.

“नाव घे बाई, नाव घे! नावात घेतलं तर दोष नाई!”

उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायला बंदी नसते, उलट लोक मागे लागून घ्यायला लावतात. सासूबाईंना जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं. पण उखाणा कुठून आणू? लग्नातला होता त्यात महादेवाच्या पिंडीला बेल वाहिला होता, त्याचा बरणीशी काय संबंध? मी बरणीकडे पाहिलं आणि डोळे मिटून, एका दमात, म्हटलं,

“बरणीत टाकला खिळा, रंग होता पिवळा,
——रावांचं नाव घेते, आता तोच रंग सगळा!”

“वाऽऽ!” सासूबाईंनी पिठाच्या हाताने टाळी वाजवली. मुख्याध्यापकांच्या तोंडूनही सवयीने “वा वा” निघून गेलं आणि मग ते दचकले.

साहेबांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. “यह क्या हुआ? शेर था?”

ह्यांना बोलायची बंदी होती. साहेबांनीच शेवटी म्हटलं, “मास्टरजी, अब बोलिए.”

“साहब,” हे म्हणाले, “मेरा नाम —— है.”

साहेबांनी बरणीकडे पाहिलं. ह्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी पदराच्या आत इतकी शिरले होते की बाहेर फक्त नाक असेल. आणि मग ते हसायला लागले. एवढा उंच माणूस हसतो तेव्हा टप्प्याटप्प्याने हसतो. आधी खांदे, मग पोट, मग गुडघे. गुडघ्यांनी दगा दिला तसे ते मागच्या बाजेवर बसले. बाजेवर सासूबाईंनी सकाळी घातलेल्या वड्या होत्या. अर्धवट ओल्या.

“मेरे घर में भी यही मुसीबत है,” ते डोळे पुसत म्हणाले. “रात को आसमान में जो निकलता है, वही मेरा नाम है. आज तक मेरी पत्नी ने पूनम को छत पर जाकर यही कहा है, देखो, वह ऊपरवाला दीया कितना गोल है!”

सासूबाईंना तेवढी हिंदी समजली. त्या म्हणाल्या, “चांगल्या घरची हाये.”

मला वाटलं झालं, सुटलो. पण साहेब उठले, कोटाची मागची बाजू झटकली, ती झटकली गेली नाही, आणि म्हणाले, “हँसी अपनी जगह, जाँच अपनी जगह.” खिशातून पांढरा स्वच्छ रुमाल काढला, माझ्या ट्रेमधल्या जास्तीच्या रिकाम्या कपावर धरला आणि हिरव्या बरणीतलं थोडं पाणी त्यातून ओतायला सांगितलं. पाण्यात रंग घोळलेला असता तर कपात हिरवं पाणी पडलं असतं. कपात स्वच्छ पाणी पडलं. रुमालावर हिरवा साका राहिला. साहेबांनी तो बोटाने चोळून पाहिला, नाकाशी नेला, आणि नाक वाकडं केलं. इतवाऱ्यातल्या बैलांचा वास असेल तो.

“काई है,” ते म्हणाले.

“काई नाई—” सासूबाईंनी सुरुवात केली, पण ह्यांनी या वेळी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला.

मग हे बोलले. गप्प राहून साठलेलं सगळं बोलले. चुना, गंज, लिंबू, दुसऱ्या बरणीवर लिंबू लटकवूनही ती का पिवळी, सगळं. साहेबांनी मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, “और मिर्ची का क्या काम है?”

“मिर्ची का कुछ नहीं, साहब. माताजी की है.”

हे ऐकून सासूबाई पुढे आठवडाभर ह्यांच्याशी बोलल्या नाहीत.

विज्ञान मंजूर झालं. कागद आला तेव्हा हे शाळेतून पळत घरी आले, धोतर सावरत, रस्त्यातल्या प्रत्येकाला सांगत. आम्ही बुऱ्हाणपूर सोडून कुठे जाणार नव्हतो. मी देवापुढे साखर ठेवली. ह्यांनी माझ्याकडे बघून हळूच म्हटलं, “आता पुन्हा एकदा घे की नाव. इथे कोणी साहेब नाही.” मी म्हटलं, चटणी वाटायची आहे, आणि स्वयंपाकघरात गेले.

तिथे पाटा-वरवंटा नव्हता. कोपऱ्यात नुसता चौकोनी डाग होता.

“आत्याबाई, पाटा दिसेनासा झाला,” मी सासूबाईंना म्हटलं.

सासूबाई जरा घुटमळल्या. बदली होणारच असं त्यांनी मनात धरलं होतं. त्यांना वाटलं, सून गेल्यावर एकट्या म्हातारीला किती चटणी लागते? म्हणून त्यांनी आदल्याच दिवशी पाटा शेजारणीला देऊन टाकला होता. आणि दिलेली वस्तू परत मागायला त्या स्वतः जाणार नव्हत्या.

“तू जा ना व बाई,” त्या म्हणाल्या. “तू आता साहेबाशी बोलली. शेजारीन का वाघ हाये?”

मी गेले. शेजारणीच्या दारात बराच वेळ उभी राहिले. ती आत वाटत होती, घरर घरर, आमच्याच पाट्यावर. अखेर तिनेच मान वर केली.

“काय हवं?”

मी पाट्याकडे बोट दाखवलं.

“असं नाही,” ती म्हणाली आणि वरवंट्यावर दोन्ही हात ठेवून आरामात बसली. सगळ्या राजपुऱ्याला बातमी पोचलेली होती. “आधी तो साहेबापुढचा उखाणा घे. मग पाटा.”

मी घेतला. तिने तिच्या दोन्ही जावांना हाक मारली, मग त्यांच्यासाठी पुन्हा घेतला. पाटा मोकळा करताना तिने चटणी एका वाटीत काढली, दुसऱ्या वाटीत थोडी माझ्यासाठी घातली, आणि पाट्याचं दुसरं टोक धरून स्वतः आमच्या दारापर्यंत आली. जड होता तो.